पाच व्होल्ट कुठे मुरतात?

यावल-रावेरकडे केळीला पाणी देणाऱ्या शेतकऱ्याला व्होल्टेज म्हणजे काय ते पुस्तकातून शिकावे लागत नाही. ज्याची विहीर डीपीला, म्हणजे लाईनीच्या ट्रान्सफॉर्मरला, लागून आहे त्याची मोटार सुरळीत चालते, आणि त्याच लाईनीवर शेवटच्या खांबाजवळ ज्याचा मळा आहे त्याची मोटार, सगळ्यांचे पंप एकदम सुरू झाले की, नुसती घुमत राहते, तापते आणि कधीकधी जळते. दोघांची डीपी एक, लाईन एक, वीजबिल देणारी कंपनीही एकच; फरक असतो तो मधल्या तारेच्या लांबीचा आणि जाडीचा. तारेतून जितका जास्त प्रवाह वाहतो तितका जास्त दाब तारेतच मुरतो आणि शेवटच्या माणसाच्या वाट्याला उरलेला दाब येतो. रास्पबेरी पाय किंवा त्याच्यासारख्या एकाच पाटीवर मावणाऱ्या छोट्या संगणकांवर हौसेने प्रकल्प करणाऱ्यांना जो ‘लो व्होल्टेज’चा त्रास होतो, तो बहुतेक वेळा नेमका हाच असतो. येथे लाईन दोन किलोमीटरची नसून एक-दीड मीटरची असते, एवढाच काय तो फरक. चार्जर डोळ्यांसमोर असल्यामुळे वाटेत काही मुरत असेल अशी शंकाच आपल्याला येत नाही.

मला ती शंका फार उशिरा आली. विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत, पत्र्याच्या छपराखाली, मी एक रास्पबेरी पाय ३ बसवला होता. त्याला बागेतल्या ओलाव्याचे दोन सेन्सर, एक लहान कॅमेरा आणि यूएसबीचे ४जी डोंगल जोडलेले होते. कांदेबागेची, म्हणजे केळीची पावसाळ्यानंतरची, लागवड झाल्यापासून फेब्रुवारीपर्यंत तो निमूटपणे चालला. एप्रिल लागला तसे डोंगल दुपारी गायब होऊ लागले, पुढे पाय आपोआप रीस्टार्ट होऊ लागला आणि शेवटी मेमरी कार्डावरची फाईल सिस्टिमच बिघडली. मी कार्ड बदलले, सगळे सॉफ्टवेअर पुन्हा टाकले, दुसरे कार्ड बदलले आणि त्यानंतर, आमच्याकडे लाईटचा दाब कमीच असतो या पक्क्या समजुतीने, एक स्टॅबिलायझर आणला. त्याचा काडीमात्र उपयोग झाला नाही, आणि तो का झाला नाही हे समजून घेण्यात या विषयाचे अर्धे उत्तर आहे.

आजचा कोणताही बरा चार्जर हातात घेऊन त्यावरची बारीक अक्षरे वाचली तर ‘इनपुट १००-२४० व्होल्ट’ असे दिसते. या चार्जरच्या आत येणारी वीज आधी एकदिश केली जाते, मग सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून लहानशा ट्रान्सफॉर्मरमधून पाठवली जाते, आणि बाहेर किती व्होल्ट पडत आहेत हे सतत पाहून ती चालू-बंद करण्याची लय बदलली जाते. त्यामुळे भिंतीवरच्या सॉकेटमध्ये २३० ऐवजी १७० व्होल्ट असले तरी बाहेर पडणारे ५ व्होल्ट जागचे हलत नाहीत. पंखा मंद होतो, जुना बल्ब पिवळा पडतो, मोटार घुमते. परंतु चार्जरला त्याचे काही वाटत नाही. अपवाद एकच. शेजारी मोठी मोटार स्टार्ट होताना क्षणभर दाब फारच खाली बसतो किंवा लाईट डोळा मिटावा तशी जाऊन येते, तेव्हा चार्जरमधल्या कपॅसिटरचा साठा काही मिलिसेकंदांत संपतो आणि बोर्ड रीस्टार्ट होतो. म्हणून पहिली नोंद ही ठेवावी, की बिघाड स्टार्टरचे बटण दाबण्याच्या क्षणीच होतो की कधीही होतो. स्टार्टरबरोबरच होत असेल तर दोष लाईनीकडे आहे. कधीही होत असेल तर स्टॅबिलायझरचे पैसे वाचवावेत आणि चार्जरच्या पुढचा रस्ता तपासावा.

आता बोर्डाची बाजू पाहू. त्याला ५ व्होल्ट हवे असतात असे आपण म्हणतो, पण खुद्द प्रोसेसर ५ व्होल्टवर चालत नाही. बोर्डावरचे लहान रेग्युलेटर त्या ५ व्होल्टपासून ३.३, १.८ आणि त्याहूनही कमी असे वेगवेगळे दाब तयार करतात व ज्याला जे लागते ते पुरवतात. त्यामुळे आत येणारा दाब थोडा उतरला तरी प्रोसेसर काही काळ तग धरतो. यूएसबीच्या खाचांना मात्र आलेला दाब जवळजवळ जसाच्या तसा दिला जातो; तेथे मध्ये सावरणारा कोणी नसतो. म्हणूनच दाब उतरला की सर्वांत आधी डोंगल, हार्ड डिस्क, की-बोर्ड अशी बाहेरून जोडलेली उपकरणे कुरकुर करतात, आणि आपण डोंगलच खराब आहे असे समजून ते बदलतो.

रास्पबेरी पायच्या २०१४ साली आलेल्या बी-प्लस मॉडेलपासून पुढे, झिरो मालिका सोडली तर, बोर्डावरच एक पहारेकरी बसवलेला आहे. आत येणारा दाब साधारण ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की तो खूण करतो. बी-प्लस, २ आणि ३ या बोर्डांवर तांबडा दिवा विझतो किंवा लुकलुकतो. स्क्रीन जोडलेला असेल तर वरच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकते. सिस्टिमच्या नोंदवहीत ‘अंडर-व्होल्टेज डिटेक्टेड’ अशी ओळ उमटते. त्याच वेळी फर्मवेअर, म्हणजे बोर्डाचे स्वतःचे मूळ सॉफ्टवेअर, प्रोसेसरचा वेग खाली ओढतो, कारण वेग कमी म्हणजे प्रवाह कमी आणि प्रवाह कमी म्हणजे वाटेत मुरणारा दाबही कमी. म्हणजे १२०० मेगाहर्ट्झचा पाय ३ विकत घेऊन आपण तो ६०० वर चालवत असतो आणि प्रोग्रॅम सावकाश चालतो म्हणून कोडमध्ये चुका शोधत बसतो.

शेतातल्या खोलीत स्क्रीन नसतो, तेव्हा ही खूण आज्ञा देऊन वाचावी लागते. टर्मिनलवर ‘व्हीसीजेनसीएमडी’ हा शब्द आणि त्यापुढे ‘गेट’ व ‘थ्रॉटल्ड’ हे दोन शब्द अंडरस्कोरने जोडून, अर्थात रोमन अक्षरांत, टाइप केले की उत्तरादाखल शून्य, एक्स आणि त्यापुढे एक आकडा येतो. नुसता ० आला तर सुरू झाल्यापासून काहीही बिघडलेले नाही. आकडा मोठा असेल तर त्याचे शेवटचे घर ‘आत्ता काय चालले आहे’ ते सांगते आणि शेवटून पाचवे घर ‘सुरू झाल्यापासून कधी काय घडून गेले’ ते सांगते. दोन्ही घरांत सांकेतिक वजने सारखीच आहेत: दाब कमी असेल तर १, वेगावर मर्यादा घातली असेल तर २, वेग प्रत्यक्ष खाली ओढला असेल तर ४, आणि तापमानाची सौम्य मर्यादा ओलांडली असेल तर ८. या वजनांची बेरीज त्या घरात दिसते. म्हणून ५०००५ आले तर शेवटचा ५ म्हणजे ४ अधिक १: या क्षणी दाब कमी आहे आणि वेग ओढलेला आहे, पुढचा ५ सांगतो की हेच आधीही घडले होते. ५०००० आले तर आत्ता सगळे ठीक आहे, पण मघाशी दाब बसला होता. बेरीज ९ च्या पुढे गेली तर त्या घरात ए, बी, सी अशी अक्षरे येतात, कारण हा आकडा दहाऐवजी सोळाच्या पायावर लिहिलेला असतो. त्याने गोंधळून जाऊ नये. खानदेशातल्या मे महिन्यात हा फरक विशेष उपयोगी पडतो. पत्र्याच्या खोलीत ठेवलेला बोर्ड तापमानामुळेही मंद होतो, आणि उन्हाचा दोष कोणता व तारेचा कोणता हे वेगळे करायला हा सोपा मार्ग आहे.

आता दाब मुरतो कोठे या मुख्य प्रश्नाकडे येऊ. जॉर्ज ओहम या जर्मन शास्त्रज्ञाने १८२७ मध्ये मांडलेला साधा नियम येथे पुरेसा आहे: तारेत मुरणारा दाब म्हणजे प्रवाह गुणिले तारेचा रोध. ज्याने ठिबक जोडले आहे त्याला हे वेगळे सांगायला नको. मेन लाईनवर दाबाचे मीटर योग्य आकडा दाखवत असते, पण बारीक नळी जरुरीपेक्षा लांब टाकली तर तिच्या शेवटच्या तोट्यांमधून पाणी नीट टपकत नाही; आणि सगळे व्हॉल्व्ह बंद असताना मात्र त्याच शेवटच्या टोकालाही पूर्ण दाब दिसतो. विजेचेही अगदी असेच आहे. प्रवाह वाहत नसेल तर काहीच मुरत नाही. म्हणून केबलचे मोकळे टोक मल्टिमीटरने मोजून ‘पाच व्होल्ट तर बरोबर येत आहेत’ असे म्हणण्याला काही अर्थ नाही, आणि हीच चूक सर्वांत जास्त लोक करतात. मीही केली होती.

आकड्यांत पाहू. यूएसबी केबलच्या आतल्या तारांची जाडी एडब्ल्यूजी या मापाने सांगतात, आणि हे माप उलटे चालते. आकडा मोठा तितकी तार बारीक. स्वस्त केबलमध्ये वीज वाहणारी तारसुद्धा कधीकधी २८ क्रमांकाची असते. अशा तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.२१ ओहम असतो. केबल एक मीटरची असली तरी प्रवाह एका तारेने जातो आणि दुसरीने परत येतो, म्हणून लांबी दोन मीटर धरायची आणि रोध ०.४३ ओहमच्या आसपास येतो. तीतून १ अँपिअर प्रवाह गेला की ०.४३ व्होल्ट केबलमध्येच संपले. चार्जरने ५ दिले आणि बोर्डाला ४.५७ मिळाले, म्हणजे पहारेकऱ्याच्या रेषेच्या खाली. तीच केबल २० क्रमांकाच्या तारेची असती तर रोध ०.०७ ओहमपेक्षा कमी भरला असता आणि २ अँपिअरलाही जेमतेम ०.१३ व्होल्ट गेले असते. दोन्ही केबली बाहेरून सारख्याच दिसतात, कारण जाडी प्लॅस्टिकची असते. एखाद्या केबलच्या आवरणावर बारीक अक्षरांत ‘२८ एडब्ल्यूजी १पी’ आणि ‘२४ एडब्ल्यूजी २सी’ असे छापलेले असते. त्यातले पहिले माप डेटाच्या जोडीचे आणि दुसरे विजेच्या दोन तारांचे. आपल्याला दुसऱ्याशी कर्तव्य आहे, आणि ते २२ किंवा २० असेल तर उत्तम. केबलवर काहीच छापलेले नसेल तर ती निदान या कामाला तरी घेऊ नये असे माझे मत आहे. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या ताराही बाजारात भरपूर आहेत. ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या दीडपटीहून थोडा जास्तच असतो, त्यामुळे छापील माप खरे असूनही अशी केबल फसवते. तुटलेल्या केबलची तार ब्लेडने खरवडून पाहिली आणि आत पांढरे निघाले तर ओळखावे.

तारेखेरीज जोडांमध्येही दाब मुरतो. ढिली झालेली मायक्रो-यूएसबीची पिन, धूळ व घामट हवा लागून काळवंडलेली पाती, मध्ये घातलेला ऑन-ऑफ बटणाचा तुकडा, एकाला एक जोडलेल्या दोन केबली, यांपैकी प्रत्येक ठिकाणी ०.०५ ते ०.१ ओहम सहज वाढतो आणि बेरीज होत जाते.

माझ्या बाबतीत फेब्रुवारी आणि एप्रिल यांच्यात फरक का पडला, हे कोडे मला बरेच दिवस सुटले नव्हते. उत्तर तांब्याच्या स्वभावात होते. तापमान एका अंशाने वाढले की तांब्याचा रोध सुमारे ०.३९ टक्क्याने वाढतो. थंडीतल्या १५ अंशांपासून पत्र्याखालच्या दुपारच्या ५० अंशांपर्यंत गेले तर रोधात १३-१४ टक्क्यांची भर पडते. माझ्या दीड मीटर केबलचा आणि तिच्या जोडांचा मिळून रोध ०.३५ ओहम, प्रवाह १.१ अँपिअर आणि चार्जरचा भाराखालचा दाब ५.०५ व्होल्ट धरला, तर हिवाळ्यात बोर्डाला ४.६६ व्होल्ट मिळत होते आणि उन्हाळ्यात ४.६१. मधोमध ४.६३ ची रेषा. म्हणजे हिवाळ्यातही माझी व्यवस्था काठावरच उभी होती. उन्हाळ्याने तिला फक्त ढकलले.

चार्जरबद्दलचे दोन गैरसमज येथेच दूर केलेले बरे. पहिला असा, की मोबाईलला चालणारा चार्जर बोर्डालाही चाललाच पाहिजे. मोबाईलच्या पोटात बॅटरी असते. चार्जरने क्षणभर ४.५ व्होल्ट दिले तर मोबाईल थोडा हळू चार्ज होतो, बस्स. वाटेतला चढउतार बॅटरी गिळून टाकते. पायच्या पोटात बॅटरी नाही, त्यामुळे तो जे मिळेल त्यावर त्या क्षणी जगतो. दुसरा गैरसमज अँपिअरचा आहे. चार्जरवर ३ अँपिअर लिहिले म्हणजे तो ३ अँपिअर ढकलतो असे नाही. जेवढे लागतील तेवढेच बोर्ड ओढतो. ३ ही फक्त चार्जरची ऐपत आहे, आणि निकृष्ट चार्जरमध्ये ती ऐपत कागदावरच असते. भार वाढला की त्याचा स्वतःचाच दाब ४.८ वर येतो. रास्पबेरी पायच्या अधिकृत ॲडॅप्टरवर ५ ऐवजी ५.१ व्होल्ट छापलेले असतात, ते केबलमध्ये थोडेफार मुरणारच हे गृहीत धरूनच. पाय ३ साठी २.५ अँपिअर, पाय ४ साठी ३ अँपिअर आणि पाय ५ साठी ५ अँपिअर अशी त्यांची शिफारस आहे. लॅपटॉपचा ६५ वॅटचा टाइप-सी चार्जर लावला म्हणजे प्रश्न मिटला असे वाटते, पण ते ६५ वॅट २० व्होल्टला मिळतात. ५ व्होल्टला तोच चार्जर बहुधा ३ अँपिअरच देतो. पाय ४ ला ते पुरते. पाय ५ मात्र सुरू होतानाच चार्जरशी बोलून ५ अँपिअर मिळतील का ते विचारतो आणि नकार मिळाला की यूएसबीच्या चारही खाचांना मिळून ६०० मिलिअँपिअरचा लगाम घालतो. होकार मिळाला तर ही मर्यादा १.६ अँपिअरपर्यंत जाते. हार्ड डिस्क फिरायला लागतानाच एक अँपिअरच्या आसपास मागते, तेव्हा पाय ५ वर डिस्क दिसत नाही या तक्रारीचे मूळ बहुधा येथे असते.

मोजण्याची रीत अशी. बोर्डावर नेहमीची सगळी उपकरणे जोडावीत, कॅमेरा सुरू करावा, डोंगलवरून काही तरी मोठे डाउनलोड लावावे आणि प्रोसेसरला भरपूर काम द्यावे. मग चाळीस पिनांच्या ओळीतील पिन २ किंवा ४ आणि ग्राउंडची, म्हणजे ऋण बाजूची, पिन ६ यांच्यामध्ये मल्टिमीटर लावून दाब वाचावा. पिन १ वर ३.३ व्होल्ट असतात आणि ती पिन २ च्या अगदी शेजारी आहे. मल्टिमीटरच्या तारेचे टोक घसरून दोन्हींना टेकले तर बोर्ड कायमचा जाऊ शकतो. म्हणून हात थरथरत असेल तर दोन जंपर वायरी बोर्ड बंद असतानाच पिन ४ आणि ६ वर खोचून ठेवाव्यात व मोजमाप त्यांच्या दुसऱ्या टोकांवर करावे. ४.८५ च्या वर आकडा असेल तर निर्धास्त असावे, ४.७ म्हणजे काठावर, त्याखाली म्हणजे काम निघाले. पाय ५ वर हे हत्यारही लागत नाही, कारण त्याची वीज सांभाळणारी चिप बाहेरून आलेला दाब स्वतः मोजते आणि त्याच ‘व्हीसीजेनसीएमडी’ला ‘पीएमआयसी’, ‘रीड’, ‘एडीसी’ हे शब्द अंडरस्कोरने जोडून दिले की यादीत तो आकडा दाखवते.

बोर्डाकडचा आकडा कमी आला म्हणजे दोषी कोण हे ठरत नाही. तोच भार चालू ठेवून चार्जरच्या टोकाचा दाबही मोजावा. केबल आणि चार्जर यांच्यामध्ये बसणारे यूएसबीचे छोटे मीटर काही शे रुपयांत मिळते, ते यासाठी सोयीचे पडते. चार्जरकडे ५.०२ आणि बोर्डाकडे ४.५१ असेल तर अर्धा व्होल्ट केबलने खाल्ला. चार्जरकडेच ४.७ असेल तर केबल बिचारी निर्दोष आहे. मात्र मल्टिमीटरचा एक दोष ध्यानात ठेवावा: तो सेकंदात दोन-तीनदाच आकडा बदलतो, त्यामुळे काही मिलिसेकंदांची बुडी त्याला दिसत नाही. मीटर ४.८ दाखवत असून पहारेकरी तक्रार करत असेल तर पहारेकऱ्यावर विश्वास ठेवावा.

उपायांमध्ये सर्वांत आधी केबल येते आणि बहुतेक वेळा तेथेच काम संपते. शक्य तितकी आखूड आणि जाड तारेची केबल घ्यावी, किंवा जिची तार चार्जरलाच कायमची जोडलेली आहे असा चांगला ॲडॅप्टर घ्यावा, म्हणजे एक जोड कमी होतो. डिस्क किंवा डोंगलसारखी खादाड उपकरणे असतील तर स्वतःचा ॲडॅप्टर असलेला यूएसबी हब वापरून त्यांचा भार बोर्डावरून काढून घ्यावा. काही हब उलटे बोर्डालाच वीज पुरवू लागतात. मुख्य चार्जर काढल्यावरही बोर्डाचा दिवा लागलेलाच राहिला तर असा हब परत करावा.

खरी अडचण येते ती वीज एकीकडे आणि बोर्ड दुसरीकडे असतो तेव्हा. मीटरची पेटी खोलीत आणि कॅमेरा बागेच्या बांधावर, मध्ये दहा मीटर अंतर. अनेक जण म्हणतात, जाड वायर टाकू. घरच्या वायरिंगची दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घेतली तरी तिचा रोध मीटरला साधारण ०.०१३ ओहम आहे. जाऊन-येऊन वीस मीटर, म्हणजे ०.२६ ओहम, आणि २ अँपिअरला अर्धा व्होल्ट गेला. एवढी वायर टाकूनही निष्पत्ती त्या स्वस्त केबलीसारखीच. याचे उत्तर भुसावळजवळ दीपनगरला रोज पाहायला मिळते. औष्णिक केंद्रातली वीज दूरवर पाठवायची तर ती लाखो व्होल्टांवर चढवून पाठवतात, कारण दाब चढवला की तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह कमी लागतो आणि तारेत कमी मुरते. जेथे वापरायची तेथे पुन्हा उतरवतात. आपणही तेच करावे. दहा मीटर वायरीतून ५ ऐवजी १२ व्होल्ट न्यावेत आणि बोर्डाच्या शेजारी बक कन्व्हर्टर, म्हणजे दाब उतरवून देणारा छोटा मॉड्यूल, लावून ५.१ व्होल्ट करावेत. बोर्डाला लागणाऱ्या १० वॅटसाठी आता वायरीतून जेमतेम १ अँपिअर वाहतो, पाव व्होल्टच्या आसपास मुरतो, आणि बक कन्व्हर्टरला १२ आले काय किंवा ११.७ आले काय, तो बाहेर तेवढेच देतो. हा मॉड्यूल बोर्डाला जोडण्याआधी त्याचा स्क्रू फिरवून बाहेरचा दाब मीटरवर ५.१ ला आणून ठेवणे अत्यावश्यक आहे. नवीन मॉड्यूल काय देईल याचा नेम नसतो. एलएम२५९६ या चिपचे मॉड्यूल ३ अँपिअरचे म्हणून विकतात, पण उन्हाळ्यात त्याच्याकडून दीड-दोनपेक्षा जास्त मागू नये. जुन्या रेडिओ दुरुस्तीवाल्यांचा लाडका ७८०५ हा रेग्युलेटर येथे चालणार नाही. तो १२ चे ५ करताना उरलेले ७ व्होल्ट उष्णतेत घालवतो. १ अँपिअरला ७ वॅटची शेगडीच.

पिन २ किंवा ४ वरून वीज दिली तर मायक्रो-यूएसबीचा ढिला जोड टळतो, हे खरे. परंतु त्या वाटेने गेल्यावर जुन्या मॉडेलांवरचा फ्यूज आणि संरक्षक भाग बाजूला राहतो, आणि धन-ऋण उलटे झाले तर सावरणारे कोणी नसते. मी ही वाट वापरतो, पण तारांना रंग आणि जोडाला एकाच बाजूने बसणारा कनेक्टर लावल्याशिवाय नाही.

काही उपाय केवळ उपायासारखे दिसतात. मोठा कपॅसिटर लावा, हा सल्ला त्यातला सर्वांत लोकप्रिय. १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर १ अँपिअरचा भार ०.३ मिलिसेकंद सांभाळला की ०.३ व्होल्टने खाली येतो. डोंगल नेटवर्क शोधताना जो क्षणिक हिसका मारते, त्याला तो मदत करतो. केबलमध्ये कायम मुरणाऱ्या दाबाला त्याचा उपयोग नाही. दुसरा उपाय, चार्जरच्या जागी दाब बदलता येणारा सप्लाय लावून तो साडेपाच व्होल्टवर ठेवणे. भार असताना बोर्डाला ५.१ मिळतात खरे, पण काम थांबले आणि प्रवाह उतरला की तेच साडेपाच जवळजवळ पूर्णपणे बोर्डावर पोहोचतात, आणि ५.२५ च्या वर यूएसबी उपकरणांना नेऊ नये अशी मर्यादा आहे. दोन चार्जर समांतर जोडू नयेत. आणि सेटिंगच्या फाईलमध्ये ‘अव्हॉइड वॉर्निंग्ज’ची ओळ घालून ती पिवळी वीज लपवता येते, तेही करू नये, मोटारीच्या स्टार्टरमधला रिले काडी खोचून अडकवणारे लोक मी पाहिले आहेत आणि नंतर त्यांनी भरलेले रिवाइंडिंगचे बिलही पाहिले आहे.

सगळ्याच बोर्डांवर असा पहारेकरी नसतो. काही बोर्ड काहीही न सांगता लटकतात, तेव्हा मीटरशिवाय गत्यंतर नाही. एनव्हिडियाच्या जेटसन नॅनोवर तर मायक्रो-यूएसबीने २ अँपिअरच्या पुढे जाता येत नाही. जास्त हवे असेल तर गोल जॅक वापरावा लागतो, आणि त्यासाठी बोर्डावरचा एक जंपर लावावा लागतो. तो न लावता ‘जॅक बंद आहे’ म्हणून बोर्ड परत पाठवणारे कमी नाहीत. ईएसपी३२ हा संगणक नव्हे, मायक्रोकंट्रोलर आहे, पण त्याचे दुखणे याच घराण्यातले: वाय-फाय सुरू होताच प्रवाह उसळतो, बोर्डावरच्या रेग्युलेटरला आपले ३.३ राखायला वर एक व्होल्टाहून जास्त फरक लागतो, तो मिळत नाही, आणि ‘ब्राउनआउट’ची ओळ छापून तो पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

राहता राहिली लाईट जाण्याची गोष्ट. पॉवर बँक मध्ये लावावी हे सुचते, पण बऱ्याच पॉवर बँका मुख्य वीज गेल्यावर चार्जिंगकडून पुरवठ्याकडे वळताना क्षणभर बाहेरचा दाब तोडतात, आणि तेवढ्यात पाय रीस्टार्ट होतो. विकत घेण्याआधी दुकानातच प्लग काढून पाहावे. १०,००० एमएएच हा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. म्हणजे ३७ वॅट-तास, आणि ३ वॅट खाणारा पाय त्यावर दहा तासांच्या आसपास चालतो. अधिक भरवशाची व्यवस्था १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी, तिला कायम लावलेला चार्जर किंवा सोलर कंट्रोलर आणि पुढे बक कन्व्हर्टर ही. बॅटरी भरताना १४.४ पर्यंत चढली आणि उतरताना ११.८ पर्यंत आली तरी बोर्डाला ५.१ च मिळतात. सोलर पॅनेल मात्र थेट बक कन्व्हर्टरला जोडू नये. बारा व्होल्टचे म्हणून विकलेले पॅनेल भार नसताना एकवीस-बावीस व्होल्ट दाखवते आणि ढग आला की कोसळते; मध्ये बॅटरी हवीच.

आता माझ्या खोलीत तशीच, मोटारसायकलला असते तेवढी, बॅटरी जमिनीलगत, पत्र्यापासून सर्वांत दूरच्या कोपऱ्यात आहे. तिच्यापासून बोर्डापर्यंत चार मीटर वायर, बोर्डाच्या शेजारी कन्व्हर्टर, आणि कन्व्हर्टरपासून बोर्डापर्यंत वीतभर तार. मे महिन्यातल्या एका दुपारी, कॅमेरा आणि डोंगल दोन्ही चालू असताना, पिन ४ आणि ६ वर मी ५.०६ व्होल्ट वाचले. स्टॅबिलायझर घरी नेऊन फ्रिजला लावला आहे.